‘कलाकार’ या एका रकान्यात मराठी गाणं मावत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नुसतं ‘एक नेरूळकर’ लिहिलंय, म्हणून नावाने हाक मारता येत नाही. एमपीथ्रीटॅग या, गाण्यांच्या फायलींत गाण्याची माहिती भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे रकाने कसे करायचे, या माझ्या लेखावर तुम्ही बरेच आक्षेप घेतलेत. गाणी ऐकायची सोडून रकाने भरत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, पिकार्ड हे दुसरं सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतं, असे रकाने केले की माणूस त्या एका सॉफ्टवेअरला बांधला जातो, गायकांच्या नावाआधीचं ‘पंडित’ काढायला सांगणं हा कलावंतांचा अपमान आहे, आणि इतकं करूनही गाडीच्या स्टिरिओवर देवनागरी दिसत नाही ती नाहीच. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचून लिहिलंय, तेव्हा उत्तरही सविस्तर देते.

रिकामटेकडेपणाचं आधी. सॉफ्टवेअर उघडलं की समोर गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार असे रकाने येतात. इंग्रजी पॉप अल्बमला एवढं पुरतं. आपल्या भावगीताचं तसं नाही. आपण विचारतो, ‘गीत कोणाचं, संगीत कोणाचं?’ आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी निवेदक तिन्ही नावं सांगत, तीच आपली सवय. मी ठाण्याची, म्हणून ठाण्याचंच उदाहरण देते. गीतकार पी. सावळाराम इथेच राहत, या शहराचे नगराध्यक्षही होते. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज अशी कितीतरी गाणी घराघरांत आहेत. ती फाईल एखाद्या संग्रहात आली की कलाकाराच्या रकान्यात लताबाईंचं नाव असतं आणि सावळाराम कुठेच नसतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फायलींत हाच प्रकार होता. गडकरी रंगायतनच्या गावात राहून सावळारामांची सगळी गाणी एका जागी काढता येऊ नयेत, हे मला सहन होत नाही. गीतकाराचा रकाना मी त्यासाठी केला. गाणी ऐकण्याचाच तो एक भाग आहे. तो भरल्यापासून मी एका कवीची गाणी सलग ऐकू शकते, पूर्वी ते जमत नव्हतं.

आता पिकार्ड. मीही ते वापरते आणि चांगलंच आहे. फाईलचा ध्वनिठसा, म्हणजे आवाजावरून गाणं ओळखायची खूण, काढून ते म्युझिकब्रेन्झ या लोकांनी भरलेल्या, गाण्यांच्या माहितीच्या ऑनलाइन साठ्याशी ताडून बघतं. पण तिथे कोणीतरी भरलेलंच ते आपल्याला देणार. घरगुती मैफलीच्या कॅसेटवरून उतरवलेली फाईल त्याला कुठून ओळखता येणार? शिवाय एकाच गाण्याची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असतात. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून झालं तेव्हा ५६ गाणी निरनिराळ्या गायकांनी म्हटली होती. पुढे घरोघरी पोचलं ते एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातलं. शब्द तेच, चाल तीच, तरी फाईल कोणती हे कळायला हवं. म्हणून ‘ध्वनिमुद्रण’ हा वेगळा रकाना. शास्त्रीय संगीतासाठी राग आणि ताल हे आणखी दोन. संध्याकाळी मारवा ऐकावासा वाटला तर शोधात ‘मारवा’ टाकून सगळे गायक एका रांगेत यायला हवेत. पिकार्डने सुरुवात करा, उरलेलं हाताने भरा, एवढंच माझं म्हणणं होतं.

सॉफ्टवेअरला बांधले जाण्याची भीती मात्र रास्त आहे, कारण काही सॉफ्टवेअरं आपण गाण्याला दिलेल्या स्टारसारखी माहिती फायलीत न लिहिता स्वतःच्या साठ्यात ठेवतात. संगणक बदलला की ती गेली. मी सांगितलेले रकाने तसे नाहीत. एमपीथ्री फाईलमध्ये गाण्याची माहिती आयडीथ्री नावाच्या ठरलेल्या पद्धतीने लिहिली जाते (या माहितीलाच टॅग म्हणतात) आणि त्या पद्धतीत गीतकार आणि संगीतकार यांना मुळातच जागा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरं ती समोर दाखवत नाहीत इतकंच. राग, तालासारख्या आपल्या रकान्यांसाठीही तिथे मोकळी जागा ठेवलेली आहे. फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफायलीत तर रकान्याचं नाव तुम्हाला हवं ते देता येतं. हे सगळं खुद्द फायलीत बसतं. उद्या एमपीथ्रीटॅग काढून टाकलं तरी फूबार किंवा किडथ्री अशी दुसरी सॉफ्टवेअरं तेच रकाने वाचतील. खात्री करायची तर एमपीथ्रीटॅगमध्ये एक फाईल निवडून ऑल्ट आणि टी दाबा, आत काय काय लिहिलंय ते सगळं दिसेल.

‘पंडित’बद्दल तुम्ही रागावलात, ते मी समजू शकते. माझ्या संग्रहात ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि रोमनमधला आणखी एक, असे चार वेगळे गायक झाले होते. कोणत्याही एका नावावर क्लिक केलं की थोडीच गाणी दिसायची, बाकीची दडलेली. मोठ्या गायकाची अर्धी गाणी सापडूच नयेत, यात कसला आदर? तुम्हाला ‘पं.’ ठेवायचंय तर जरूर ठेवा, पण सगळीकडे एकाच पद्धतीने, आणि क्रमवारीच्या रकान्यात ‘जोशी भीमसेन’ लिहा. दिसताना मान राहील आणि यादीत ते ‘ज’खाली सापडतील. एमपीथ्रीटॅगमध्ये अशा दुरुस्त्यांची ॲक्शन, म्हणजे आपोआप करायच्या बदलांची यादी, एकदा बनवून ठेवली की नव्या फायली आल्यावर तीच चालवायची. ‘पी.सावळाराम’मधल्या टिंबानंतर जागा सोडायचं कामही माझी तीच ॲक्शन करते. मराठीची आणखी एक गोम सांगते. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधात मात्र बऱ्याचदा वेगळे. तेही तिथेच एकसारखं करून घ्या.

राहिला गाडीचा स्टिरिओ. तिथे चौकोन दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, यंत्रात देवनागरी फॉण्ट नाही. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर यंत्र बहुधा फायलीच्या शेवटचा जुना आयडीथ्री टॅग वाचतंय. त्यात नावाला ३० अक्षरांची जागा असते आणि देवनागरी बसतच नाही. तेव्हा एमपीथ्रीटॅगच्या ऑप्शन्समध्ये जाऊन तो जुना टॅग लिहिणं बंद करा, आधी लिहिलेला काढून टाका, आणि नवा २.३ आवृत्तीचा, यूटीएफ-१६ मध्ये (देवनागरी मावेल अशा अक्षरपद्धतीत) ठेवा. चौकोनांवर इलाज एकच: पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत काढून तिच्यात नावं रोमनमध्ये करा. मूळ संग्रहाला हात लावू नका. फोनवर गीतकार दिसत नसेल तर एमपीथ्रीटॅगमधली ‘फॉरमॅट व्हॅल्यू’ ही ॲक्शन वापरून गीत आणि संगीत दोन्ही नावं टिप्पणीच्या रकान्यात उतरवा, टिप्पणी दाखवणारे प्लेअर पुष्कळ आहेत.

तर तुमच्या गाडीत नेमकं काय दिसतं, चौकोन की प्रश्नचिन्हं, ते कळवा. आणि काहीही बदलण्याआधी संग्रहाची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा.