आयटीत काय राहिलं नाही गा

शेअर पडल्याचं दुःख मला फारसं नाही. तो माझा आणि बाजाराचा मामला आहे, सव्वानऊला सुरू होतो आणि साडेतीनला मिटतो. त्रास होतो तो साडेतीननंतर आणि सव्वानऊच्या आधी, म्हणजे बाजार बंद असतो आणि बेळगाव उघडं असतं तेव्हा.

माझ्याकडे एका आयटी कंपनीचे शेअर आहेत. नाव सांगत नाही. नाव ऐकून समोरच्याचं तोंड कसं होतं ते मला पाठ झालंय, आणि आपण नाव घेतलं की ती आणखी रुपया-दोन रुपये खाली जाते असा आपला माझा समज आहे. कंपनी चांगली आहे. कर्ज नाही. अमेरिकेतल्या बँकांची आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळते, दर वर्षी लाभांश देते, नफाही थोडाथोडा वाढतोय. तिचा वार्षिक अहवाल मी शेवटच्या तळटिपेपर्यंत वाचलाय. टिळकवाडीत तळटिपा वाचलेला दुसरा कुणी असेल तर त्याने अवश्य भेटावं, आपल्याला बोलायला खूप विषय आहेत. पण कंपनीबद्दल ‘सेंटिमेंट निगेटिव्ह आहे’, म्हणजे बाजाराचं मन तिच्यावरून उडालंय. हे मला आधी टीव्हीवरच्या तज्ज्ञाने सांगितलं, मग बेंगळूरहून जावयाने फोनवर, मग गोवावेसच्या चहावाल्याने.

सकाळी व्हॅक्सिन डेपोत आमचा फिरायचा कंपू असतो. एक निवृत्त मास्तर, एक विमा एजंट, आणि अप्पा. अप्पाची उद्यमबागेत फौंड्री आहे. ही मंडळी माझ्या शेअरची चौकशी करतात ती घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं तशी. आवाज उतरवून. ‘आता कसं आहे?’ मी म्हणतो, ठीक आहे. मग सगळे चार पावलं गप्प चालतात. एजंट हळूच म्हणतो, ‘काल पण घसरला म्हणे.’ त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत किती टक्के सुटतात हे त्याला आजवर कुणी आवाज उतरवून विचारलेलं नाही.

फिरून आलो की चहा. चहावाला कन्नड, आम्ही मराठी. तो किटली वाकवता वाकवता विचारतो, ‘एनरी सर, इवत्त एष्टु?’ आजचा भाव किती. आकडा ऐकला की मान हलवून म्हणतो, ‘मारिबिड्री सर.’ विकून टाका. १९५६ पासून या जिल्ह्यात मराठी आणि कन्नडचं कशाकशावरून वाजलं ते ऐकून घ्यायला महाजन आयोग बसवावा लागला होता. तरी मिटलं नाही. माझ्या शेअरवर मात्र दोन्ही भाषांचं पहिल्या घोटातच एकमत.

मास्तरांचं वाचन दांडगं. ते एकदम अमेरिकेच्या शेअरबाजारातच जातात. ‘नॅसडॅक मार्च २००० मध्ये पाच हजारांवर गेला होता. पडला. परत तिथं यायला २०१५ उजाडलं. पंधरा वर्षं! तुमच्याकडे आहेत का पंधरा वर्षं?’

मी म्हटलं, ‘मास्तर, आपला सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. आपण कधी म्हटलं का, बस झालं, निघू या यातून?’

मास्तर दुखावले. ‘ते वेगळं,’ म्हणाले. वेगळं आहे हे मलाही मान्य. पण ज्या गावात तिसरी पिढी एका निकालाकडे डोळे लावून बसलीय, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतेय, त्या गावाने तरी मला ‘अडकलास की रे’ म्हणू नये. लाँग टर्म म्हणजे काय हे बेळगावकराला शिकवायची वेळ यावी?

माझ्या भात्यात एक बाण असतो, तो मी जपून वापरतो. १९९३ साली इन्फोसिसचा शेअर ९५ रुपयांना विकायला काढला तेव्हा तो पुरता खपलासुद्धा नव्हता. मॉर्गन स्टॅन्लीने १३ टक्के उचलले म्हणून निभावलं. तेव्हा कुठं गेलं होतं तुमचं सेंटिमेंट? यावर कंपू थोडा हलतो. कारण बेळगाव ते धारवाड प्रत्येक घरात एक काका असतो, ज्याला तेव्हा इन्फोसिस घ्यायचाच होता, फक्त त्या महिन्यात त्याने स्कूटर घेतली. त्या काकाची आठवण निघाली की माझी बाजू जड होते. अशा वेळी एजंट फक्त एक शब्द टाकतो. ‘सत्यम.’

खलास. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या मालकाने स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की हिशेबातले हजारो कोटी नव्हतेच. त्या कंपनीचा एकही शेअर आयुष्यात न घेतलेली माणसं ही गोष्ट आपलं घर बुडाल्यासारखी सांगतात. मी म्हणतो, माझ्या कंपनीत तसं काही नाही. तर म्हणतात, सत्यमबद्दल पण लोक असंच म्हणत होते. या युक्तिवादाला उत्तर नसतं. उत्तर नसलेले युक्तिवाद लोकांना फार आवडतात.

टीव्हीचं तंत्र मला आता कळलंय. भाव आधी पडतो, कारण मागून शोधतात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून ‘एआय सगळं खाणार’ हे एक बारमाही कारण झालंय. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नोकरीसाठीच्या नव्या एच-१बी व्हिसाला एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हा तेच. अमेरिकेत व्याजदर वाढले तर तिथले गिऱ्हाईक हात आखडणार म्हणून पडतो. कमी झाले तर मंदी आली असणार म्हणून पडतो. एकदा रुपया घसरला. मला आनंद झाला, म्हणजे देशाचं वाईट चिंतत नाही, पण या कंपन्या कमावतात डॉलरमध्ये आणि पगार देतात बराचसा रुपयांत, तेव्हा रुपया घसरला की त्यांचं बरं चालतं. तज्ज्ञ म्हणाला, ‘ते आधीच भावात धरलं गेलंय.’ चांगली बातमी नेहमी आधीच धरलेली असते. वाईट मात्र रोज नव्याने धरतात.

आणि पट्टी फिरत असते: ‘आयटीत विक्रीचा मारा.’ मी गणिताचा माणूस नाही, पण विकला गेलेला प्रत्येक शेअर कुणीतरी विकत घेतलेला असतो, त्याशिवाय सौदा होतच नाही. मग तो घेणारा कुठाय? त्याची मुलाखत का घेत नाहीत? विकणाऱ्यांचं सगळं ठाऊक, परदेशी संस्थांनी किती कोटींचे विकले, कुठल्या दिवशी विकले. घेणारा मात्र अंधारात. मी हा प्रश्न अप्पाला विचारला. तो म्हणाला, ‘असतील कोणतरी येडे. खरं तू विक गा.’

अप्पाचं तत्त्वज्ञान साधं. माल हातात धरता आला पाहिजे. ‘आमचं कास्टिंग बघ. पायावर पडलं तर कळतंय की काय हाय ते. तुझं सॉफ्टवेअर कुणाच्या पायावर पडलंय काय?’ शेअरपेक्षा त्याला प्लॉट पसंत. बायपास येणार म्हणून त्याने मच्छेच्या बाजूला काही गुंठे घेऊन ठेवलेत. बायपासची रेघ नकाशात थोडी सरकली. प्लॉटला जायचा रस्ता चुलत्याच्या शेतातून, आणि चुलता बोलत नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, व्हायचंय. उतारा कन्नडमध्ये, तो अप्पाने दोघांकडून वाचून घेतला, दोघांनी क्षेत्रफळ वेगळं सांगितलं. पण किंमत विचारा. अप्पा एक आकडा सांगतो, आणि तो दर दिवाळीला वाढवतो. कुणी त्या आकड्याला घ्यायला आलंय का? नाही. यायची गरजच काय? शेजारच्या लेआउटमध्ये कुणीतरी ‘मागितला होता’ तो आकडा हा. मागितला होता, दिला नव्हता.

समजा, त्या प्लॉटचा भाव रोज सव्वानऊ ते साडेतीन सेकंदासेकंदाला अप्पाच्या मोबाईलवर लाल अक्षरांत आला असता. चुलत्याने कुंपण घातलं, तीन टक्के खाली. पावसात पाणी साठलं, पाच टक्के. दुपारी कुणीतरी टीव्हीवर येऊन सांगितलं असतं की मच्छे भागाबद्दल सेंटिमेंट निगेटिव्ह आहे. अप्पाला महिनाभर जेवण गेलं नसतं. पण प्लॉटला सेंटिमेंट नसतं. प्लॉट नुसता गवत उगवून पडून राहतो, आणि मालक छाती काढून फिरतो. माझी कंपनी दर तीन महिन्यांनी पै-पैचा हिशेब छापून देते, तर मी मान खाली घालून फिरायचं.

दर तीन महिन्यांनी निकाल. पहिल्या तिमाहीचे जुलैत येतात, म्हणजे आमच्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा. गेल्या जुलैत मी छत्री सावरत गावात गेलो आणि कुंदा आणला. नफा वाढणार याची खात्री होती. वाढला. सोफ्यावर मी डबा उघडला तेवढ्यात तज्ज्ञ म्हणाला, ‘आकडे चांगले, पण अपेक्षेपेक्षा कमी.’ कुणाची अपेक्षा? माझी तर पूर्ण झाली होती, मी चमचा घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी शेअर पडला. बायकोने डबा फ्रिजमध्ये ठेवता ठेवता विचारलं, ‘अहो, हा कुंदा आता कसला म्हणून वाटायचा?’ शेजारी दोन वाट्या गेल्या, जावयाला बढती मिळाली असं सांगून. त्याला फोन करून तसं कळवावं लागलं. तो बिचारा घाबरला, कारण त्याच्या ऑफिसात तेव्हा माणसं कमी करत होते.

शेवटी मी ठरवलं, थेट मालकांनाच विचारू. मीही मालकच, थोडासा. वार्षिक सभा हल्ली व्हिडिओवर भरते, आणि आधी नाव नोंदवलं तर बोलायला मिळतं. प्रश्न इंग्रजीत लिहून काढला, आरशासमोर म्हणून बघितला. नफा वाढतोय, लाभांश वाढतोय, भाव का पडतोय, आणि संचालक मंडळाला याबद्दल काय वाटतं. सडेतोड.

अध्यक्ष आधी बराच वेळ डिजिटल परिवर्तनावर बोलले. मग भागधारक. कोलकात्याचे एक गृहस्थ बोलले, त्यांनी अहवाल वेळेवर आल्याबद्दल कंपनी सेक्रेटरींचं इतकं अभिनंदन केलं की सेक्रेटरीही संकोचले असावेत. मुंबईच्या बाईंनी बोनस शेअर मागितले आणि एक कविता म्हटली. आणखी एकांनी भागधारकांना कारखाना दाखवायची मागणी केली. सॉफ्टवेअर कंपनीचा कारखाना! तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, म्हणाले, बरं मग ऑफिस दाखवा, जेवणाची सोय मात्र असावी. ही माझी भावंडं. यांच्या भरवशावर मी बाजाराशी भांडत होतो.

माझं नाव पुकारलं. मी खणखणीत आवाजात पहिला परिच्छेद म्हणून टाकला. मग एक नम्र आवाज आला, ‘सर, आपण म्यूटवर आहात.’ अनम्यूट केलं, पुन्हा सुरुवात केली, आणि नेमकी त्याच वेळी मागून हाक आली, ‘अहो, दूधवाला आलाय, सुट्टे हायत काय?’ हा प्रश्न संचालक मंडळाने स्पष्ट ऐकला. माझा प्रश्न त्यानंतर झाला, पण धार गेली होती ती गेलीच. अध्यक्ष हसून म्हणाले, आपण व्यक्त केलेल्या विश्वासाबद्दल आभार, भाव बाजार ठरवतो, आम्ही कामावर लक्ष देतो. पुढचे भागधारक.

बायको म्हणाली, ‘विकूनच टाका ना एकदाचा.’ तिला मी समजावलं की तोट्यात विकलं तरी सरकार व्यवहारकर म्हणून एसटीटी घेतंच. शिवाय भाव १०० चा ६० झाला तर तो ४० टक्के पडला म्हणतात, पण ६० वरून परत १०० वर यायला त्याला ६६ टक्क्यांच्या वर चढावं लागतं. ती म्हणाली, हे मला का सांगताय, त्याला सांगा.

आणि मग एका आठवड्यात तो चढायला लागला. कारण काही नव्हतं. टीव्हीने दुसऱ्या दिवशी शोधून काढलं, तो भाग वेगळा. माझ्या खरेदीच्या भावापासून तो अजून बराच खाली, पण हिरवा रंग बघून बरं वाटलं. व्हॅक्सिन डेपोत मी जरा लवकरच पोचलो. कुणी काही विचारलं नाही. चार फेऱ्या झाल्या तरी नाही. शेवटी मीच म्हटलं, काल चढला. मास्तर म्हणाले, ‘मग आता तरी विका.’ एजंट म्हणाला, ‘एवढा चढला म्हणजे आता पडणार.’

अप्पा मात्र गप्प होता. परतताना रेल्वे गेटपाशी फाटक पडलं, आम्ही दोघेच उभे. गाडी लांबडी. त्याने मोबाईल काढला, चष्मा वर सरकवला आणि काहीतरी बघून समाधानाने खिशात टाकला. मला स्क्रीन दिसली. हिरवी.

‘अप्पा, तुझ्याकडे हाय?’

‘हाय की थोडा.’

‘कधी घेतलास?’

‘पडला की घेत होतो गा. दर वेळी थोडा थोडा.’

मला काही सुचेना. ‘मग रोज सकाळी शिव्या कशाला घालत होतास? मला विक विक म्हणत होतास ते?’

अप्पाने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी खुळचट विचारलंय. ‘आणखी स्वस्त मिळाला असता की.’

फाटक उघडलं. दुसऱ्या दिवशी डेपोत एजंटाने विषय काढला तसा अप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाला, ‘आयटीत काय राहिलं नाही गा आता.’ मास्तर म्हणाले, खरं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, होय की, कठीणच आहे सगळं.