मिरचीपुढचं प्रश्नचिन्ह

बिलातले पैसे कापले याचं मला काही वाटत नाही, असं मी घरी सांगितलंय. ते खोटं आहे. अजून जीव जळतोय.

गिऱ्हाईक नंदुरबारचं, मिरचीचे व्यापारी. मुलाने हौसेने वेबसाइट करून घेतलेली, दुसऱ्याच कोणाकडून. माझ्याकडे ती डागडुजीला आली. कोणी भाव विचारला की मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकायचा. दुकानाचं नाव, मग इंडेक्स डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, आणि पुढे पेज इज इक्वल टू अमुक, आयडी इज इक्वल टू तमुक. दिसायला गबाळं, पण चालत होतं. कोणाचं काही अडलं नव्हतं. मग ती लिंक नानांनी पाहिली.

नाना म्हणजे मुलाचे वडील. गादीवर बसून पोत्यातली एक मिरची उचलतात, देठाशी मोडतात, बिया तळहातावर ओततात आणि समोरच्याकडे न बघता भाव सांगतात. मोबाइल मात्र हातभर लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचतात.

“हाई काय शे?”

“लिंक आहे, नाना.”

“लिंक शे ते माले समजस. हाई प्रश्नचिन्ह कसाले?”

मी समजावलं, की सर्व्हरला कोणतं पान हवंय ते प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहायचं असतं.

“मंग मनी मिरचीवर शंका कोनी लिधी?”

यावर उत्तर काय देणार? नानांचं म्हणणं असं, की उभ्या जन्मात मिरचीत रंग मिसळला नाही, पाणी मारून वजन वाढवलं नाही, आणि आता दुकानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह? सुरतचा व्यापारी काय समजेल? बाजूला हिशेब लिहीत बसलेले मुनीमजी म्हणाले, “पूर्णविराम टाका.” नानांनी विचार केला. “नही. उद्गारचिन्ह लाव.” पत्त्यात उद्गारचिन्ह लावून पान उघडत नाही, हे पटवायला एक चहा गेला. वेलची घातलेला, चांगला होता, हे मान्य.

तर प्रश्नचिन्ह काढायचं ठरलं. अपाची म्हणजे मागेल ते पान पाठवून देणारा सर्व्हर; त्यावर यासाठी मॉड रीराइट नावाची सोय आहे. राल्फ एंगेलशाल नावाच्या गृहस्थांनी ती १९९६ साली लिहिली. डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाईलमध्ये चार-पाच ओळी लिहायच्या: रीराइट इंजिन चालू, मागितलेली फाईल किंवा फोल्डर खरोखर असेल तर ते जाऊ दे, नसेल तर सगळं इंडेक्सकडे पाठव. बाहेरून पत्ता सुटसुटीत, आतून तोच जुना कारभार. फाईलचं नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती यादीतसुद्धा सहसा दिसत नाही. माझ्या धंद्याचं हे एक दुखणंच आहे, पण ते पुढे.

माझ्या लॅपटॉपवर चाललं. सर्व्हरवर ‘४०४, पान सापडले नाही’. साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंगवाल्यांना फोन केला, तर तिथला पोरगा गोड आवाजात म्हणतो, “सर, तुमच्या कोडमध्ये इश्यू आहे.” न बघता! मग मी त्या फाईलमध्ये मुद्दाम शुद्ध कचरा टाइप केला. सर्व्हर फाईल वाचत असता तर ५०० ची एरर देऊन उताणा पडला असता. साइट ढिम्म. म्हणजे तो फाईल वाचतच नव्हता. अपाची २.४ मध्ये अलाउ ओव्हरराइड, म्हणजे ही फाईल मानायची परवानगी, मुळात ‘नन’ असते, म्हणजे बंद. ती होस्टिंगवाल्यानेच उघडून द्यायला हवी. हे त्याला सांगितलं, तर म्हणे, “ओके सर, एनेबल केलंय.” सॉरी नाही, काही नाही. पाठोपाठ ‘आमची सेवा कशी वाटली’ म्हणून मेसेज आला. पाच चांदण्या मागत होता.

मग पानं उघडली, पण उघडीबोडकी. पत्त्यात नवी तिरपी रेघ आली की ब्राउझर सीएसएस, म्हणजे पानाच्या रंगरूपाची फाईल, भलत्याच फोल्डरात शोधतो. ते निस्तरलं. मग मुलाने आधी वाटलेल्या जुन्या लिंका. त्या ३०१ लावून, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदललाय’ असा निरोप देऊन, नव्या पत्त्यावर वळवाव्या लागतात, आणि रीराइट रूल प्रश्नचिन्हापुढचं बघतच नाही, त्यासाठी वेगळी अट लिहावी लागते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा नानांनी पाटीवरचं ‘जि. धुळे’ पुसून घेतलं; तरी जुन्या पत्त्याची पत्रं पोस्टमन आणून देत राहिला. त्या पोस्टमनचं नाव ३०१. गंमत म्हणजे त्याच वर्षी, वेब जन्माला घालणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. त्यांना जिल्हा विभाजनाचा अनुभव नसावा.

एवढं झाल्यावर नानांची फर्माईश, पत्ता मराठीत पाहिजे. केला. ब्राउझरमध्ये काय सुरेख दिसला! मुलाने तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, आणि देवनागरीचं झालं टक्केच टक्के. दर अक्षराचे, दर वेलांटीचे तीन बाइट, आणि दर बाइटमागे टक्क्याचं एक चिन्ह. नुसत्या ‘मिरची’ची पंधरा. नानांनी बोट ठेवून मोजली.

“पंधरा टक्के? हाई अडत कोनी लाई?”

शेवटी पत्ता रोमी अक्षरांत गेला, आणि मुनीमजींनी माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं.

मग बिल. नानांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा खाली घेतला. “लावाना पैसा लागतस. काढाना कसाना?”

यात नवीन काय काय केलं ते दाखव, म्हणाले. दाखवू काय? टिंबाने लपलेली फाईल? आधी उघडत होती तशीच आताही उघडणारी पानं? पाटी रंगवणाऱ्याला त्यांनी कधी घासाघीस न करता पैसे दिले असतील, कारण पाटीवर ओला रंग दिसतो. आमचं काम नीट झालं की काहीच दिसत नाही, आणि बिघडलं की सुरतेपर्यंत दिसतं. रक्कम गोल करून, म्हणजे खालच्या बाजूला गोल करून, मुलाने ऑनलाइन पाठवली. वर किलोभर मिरची दिली. बायको म्हणाली, मिरची एक नंबर आहे. असेल.

निघताना नानांनी पुन्हा मोबाइल लांब धरला. “आनि ह्या सुरवातले दोन तिरप्या रेघा कसाले शेतस?”

मी म्हटलं, त्या लागतातच, नाना. आणि गाडीला किक मारली. आता त्यांना कोण सांगणार, की त्या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती, हे २००९ मध्ये खुद्द बर्नर्स-लींनीच कबूल केलंय. सांगितलं, तर त्याही काढायला लावतील. फुकट.