किती तिकिटं काढली, असं विचारणाऱ्या वाचकास

नमस्कार.

ओकलंड ॲथलेटिक्स हा बेसबॉलचा संघ शहर सोडून गेला, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. पहिल्याच रात्री उत्तर लिहायला बसले आणि लॅपटॉप मिटला. त्या रात्री जे लिहिलं असतं ते चार लोकांत ठेवण्यासारखं नव्हतं. आजही राग पूर्ण गेलाय असं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. संघ ही मालकाची मालमत्ता आहे, तो कुठेही नेईल. खुर्च्या रिकाम्या होत्या, रिकाम्या खुर्च्यांसाठी कोण थांबतं? लास व्हेगासमध्ये संघाचं नवं स्टेडियम व्हावं म्हणून नेव्हाडा राज्याने दिलेले ३८ कोटी डॉलर रोख नाहीत, लेखात चुकीचं लिहिलंय. ओकलंडच्या महापालिकेने वर्षानुवर्षं घोळ घातला, गुन्हेगारी वाढू दिली, त्याबद्दल लेखात अक्षर नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, रडगाणं गाण्याआधी तुम्ही स्वतः किती तिकिटं काढलीत तेवढं सांगा."

आधी तुमची एक गोष्ट मान्य करते. मी लेखात "नेव्हाडाने ३८ कोटी डॉलर काढून दिले" असं लिहिलं होतं. कायद्यात "जास्तीत जास्त ३८ कोटी" असं आहे, आणि त्यात रोख रक्कम नसून हस्तांतर करता येतील अशी १८ कोटींपर्यंतची टॅक्स क्रेडिट्स आणि क्लार्क काउंटीचे (म्हणजे लास व्हेगास ज्या जिल्ह्यात येतं त्याचे) बॉण्ड असे भाग आहेत. लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय. टॅक्स क्रेडिट म्हणजे तिजोरीत येणारा पैसा आलाच नाही, आणि बॉण्ड म्हणजे कर्ज. दोन्हींचा भार शेवटी जनतेवरच पडतो. पण शब्द चुकला होता, चूक माझी.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

"ताई" हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. दादरला आमच्या चाळीत मी पाच जणांची ताई होते. ताई म्हणणारा माणूस पुढे काय बोलतो त्यावर त्या शब्दाची किंमत ठरते. तुम्ही ताई म्हणालात आणि लगेच मला गप्प बसवायला निघालात. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर "दादा, रडगाणं गाऊ नका" असं तुम्ही लिहिलं असतं का? मला नाही वाटत. तुम्ही त्याच्याशी आकड्यांवर वाद घातला असता. माझ्याकडे मात्र हजेरी मागितलीत.

हजेरी मागितलीत तर देते. आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कोलिसियमच्या, म्हणजे संघाच्या ओकलंडमधल्या स्टेडियमच्या, तिकिटांची अर्धुकं आहेत. शाई उडालेली, काहींवर मोहरीच्या सॉसचे डाग, एकावर मुलाने पेन्सिलने काढलेला हत्ती, कारण संघाचं चिन्ह हत्ती. परवा रात्री ती सगळी ओट्यावर मांडून मोजली. २१७ भरली. शेवटच्या काही वर्षांची तिकिटं फोनवर असायची, ती यात धरलेली नाहीत. यातलं एकही फुकटचं नाही आणि एकही कंपनीच्या पाहुण्यांच्या कक्षातलं नाही. पहिली काही वर्षं आम्ही बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, जायचो, कारण गाडी एकच होती आणि ती नवऱ्याला लागायची. स्टेशनातून बाहेर पडून त्या लांबलचक पुलावरून चालत जायचं, पिशवीत पोळीची गुंडाळी आणि पाण्याच्या बाटल्या. डबा बाहेरून आणलेला चालायचा, म्हणून आमच्यासारख्यांना परवडायचं.

मी ईस्ट बेमध्ये, म्हणजे ओकलंडच्या परिसरात, आले ते १९९६ साल. त्या वर्षी ॲथलेटिक्सनी सीझनचे पहिले सहा घरचे सामने कुठे खेळले, तुम्हाला ठाऊक आहे का? लास व्हेगासला. कोलिसियममध्ये बांधकाम चालू होतं म्हणून. हे बांधकाम रेडर्स या फुटबॉल संघासाठी होतं. रेडर्स १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेले होते, त्यांना १९९५ मध्ये परत आणलं, आणि त्यांच्या मर्जीखातर बाहेरच्या मैदानामागे काँक्रीटचा एक प्रचंड सज्जा उभा केला. पूर्वी तिथून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या, असं जुने लोक सांगतात. मी आले तेव्हा त्या टेकड्या झाकल्या जात होत्या. पैसे शहराने आणि अलामीडा काउंटीने बॉण्ड काढून उभे केले. प्रेक्षकांना खुर्च्यांचे हक्क विकून ते फेडायचे, असं ठरलं होतं. हक्क पुरेसे विकले गेले नाहीत. रेडर्स २०२० मध्ये पुन्हा गेले, या वेळी लास व्हेगासला, तिथल्या हॉटेलांच्या खोलीभाड्यावरील करातून ७५ कोटी डॉलर घेऊन. आणि इकडे ओकलंड त्यांच्या सज्ज्याचे हप्ते २०२५ पर्यंत भरत राहिलं. संघ गेला, कर्ज राहिलं.

मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलंय. सार्वजनिक संस्थांचे जमाखर्च तपासणं हीच माझी भाकरी होती. एखादा खर्च कागदावर "गुंतवणूक" म्हणून येतो आणि पुढे वीस वर्षं नुसता व्याजाच्या रकान्यात दिसत राहतो, तेव्हा काय वाटतं ते मला कुणी शिकवू नये. ॲण्ड्र्यू झिम्बलिस्ट आणि रॉजर नोल या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्येच याचा अभ्यास मांडला होता, आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेक अभ्यासकांचंही मत तेच आहे. स्टेडियमवर ओतलेला सरकारी पैसा शहराला परत मिळत नाही. लोक करमणुकीवर जेवढा खर्च करायचे तेवढाच करतात. सिनेमाचे, हॉटेलचे पैसे स्टेडियमकडे वळतात, एवढंच. त्यामुळे ओकलंडने दुसऱ्यांदा खिसा उलटा केला नाही याला तुम्ही घोळ म्हणता, मी शहाणपण म्हणते. एकदा हात पोळलेला माणूस दुसऱ्यांदा तवा पदराने धरतो.

रिकाम्या खुर्च्यांचं तुम्ही असं लिहिलंय, जणू लोकांनी आधी पाठ फिरवली आणि मग बिचारा मालक कंटाळला. ४ सप्टेंबर २००२ च्या रात्री मी तिथे होते. सलग विसाव्या विजयाचा सामना, समोर कॅन्सस सिटी. आम्ही ११-० ने पुढे होतो. मुलगा पाच वर्षांचा, मांडीवर झोपलेला. आणि बघता बघता ११-११ झालं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त नर्स बसायची, ईस्ट ओकलंडमध्ये जन्मलेली, गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक चेंडूची नोंद करणारी. स्कोअर लिहायला मी तिच्याकडूनच शिकले. तिने पेन्सिल वहीत घालून वही मिटली आणि डोळे बंद केले. नवव्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटबर्गने चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत मारला, आणि ती बाई माझा दंड इतका घट्ट धरून ओरडली की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. त्या रात्री ५५,५२८ लोक होते. कुठे होत्या रिकाम्या खुर्च्या?

२००५ मध्ये लुईस वुल्फ आणि जॉन फिशर यांनी संघ घेतला. २००६ मध्ये वरच्या संपूर्ण मजल्यावर हिरवी ताडपत्री घातली. खुर्च्या होत्या, विकायच्याच नाहीत असं ठरवलं. मग जागांचा खेळ सुरू झाला. आधी फ्रीमॉन्ट, ते सोडलं. मग सॅन होजे, तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाचा त्या भागावरचा हक्क आडवा आला आणि प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाही नकार देईपर्यंत चाललं. मग ओकलंडमध्येच लेनी कॉलेजजवळ, मग बंदरावरचं हॉवर्ड टर्मिनल, जिथे स्टेडियमच्या जोडीला घरं, दुकानं, हॉटेल असा १२ अब्ज डॉलरचा आराखडा होता. जवळजवळ सगळा काळ आम्हाला हेच ऐकवलं गेलं की हे घर आता राहण्यासारखं नाही. तुमच्या घरमालकाने रोज दारात उभं राहून "मी हे विकणार आहे" म्हटलं, तर तुम्ही भिंतींना रंग काढाल का?

तरी लोक येत होते. २ ऑक्टोबर २०१९ ला बाद फेरीचा एकच सामना होता, टॅम्पा बेशी. ताडपत्र्या काढलेल्या होत्या. ५४,००५ माणसं! आम्ही हरलो. त्यानंतर करोना आला, आणि २०२२ च्या वसंतात मॅट ऑल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया यांना एकामागून एक दुसऱ्या संघांकडे पाठवून दिलं. चांगले खेळाडू घालवायचे, सीझन तिकिटांचे दर वाढवायचे, आणि मग कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवून म्हणायचं, बघा, शहराला संघ नको आहे. तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं हेच वाक्य आहे. मालकाचं म्हणणं तुम्ही न तपासता उचललंत आणि माझ्या दारात आणून टाकलंत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

१३ जून २०२३ ला प्रेक्षकांनी ठरवून स्टेडियम भरलं. मंगळवार होता. त्या सीझनमध्ये संघाची अवस्था दयनीय होती, पण २७,७५९ लोक आले. पार्किंगमध्ये हिरवे टी-शर्ट फुकट वाटत होते, छातीवर एकच शब्द, "विका". मालकाने संघ विकावा, आमचं शहर नव्हे. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ठरल्याप्रमाणे सगळे गप्प झाले. इतक्या माणसांची शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. पिचरच्या बुटाखालची माती सरकलेली ऐकू येईल असं वाटत होतं. आणि मग एकदम घोषणा, ढोल, घंटा. सामना आम्ही २-१ ने जिंकलो. त्याच दिवशी नेव्हाडाच्या सिनेटने ते ३८ कोटींचं विधेयक मंजूर केलं. घरी जाताना बार्टमध्ये लोक फोन बघत होते आणि कोणी बोलत नव्हतं. १५ जूनला राज्यपाल लोंबार्डोंची सही झाली. नोव्हेंबरमध्ये संघ लास व्हेगासला न्यायचा का यावर लीगमधल्या ३० संघांच्या मालकांनी मतदान केलं, बाजूने ३०, विरुद्ध शून्य. ५७ सीझन संघ सांभाळलेल्या शहराचं त्यात एकही मत नव्हतं.

मालमत्तेबद्दल. संघ मालकाचा, हे कागदावर खरंच आहे. मग त्याच्या मालमत्तेसाठी स्टेडियमही त्याच्याच पैशाने होऊ दे. वॉरियर्स या बास्केटबॉल संघाने सॅन फ्रान्सिस्कोमधलं चेस सेंटर स्वतःच्या पैशाने बांधलं. जायंट्सचं खाडीकाठचं मैदानही, २००० साली उघडलेलं, जवळपास सगळं खाजगी पैशातून झालं. नफ्याच्या वेळी "माझं" आणि खर्चाच्या वेळी "आपलं", हा व्यवहार आमच्या चाळीतल्या वाण्यानेही मान्य केला नसता.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे सगळं लगेच कळतं असं नाही, मलाही कळायला वेळ लागला. आमच्याकडेही स्टेडियमवरून भांडणं झाली. ब्रेबॉर्नच्या तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं बिनसलं, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. पण संघ मुंबईचाच राहिला. मुंबईचा रणजी संघ कुणी उचलून दुसऱ्या राज्यात नेला, तर तुम्ही "मालकाची मालमत्ता" म्हणून गप्प बसाल? आणि पुण्यात बालेवाडीला जाणाऱ्या फुटबॉलवेड्यांना विचारा. २०१९ मध्ये त्यांचा संघ बंद झाला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्यांच्या पोरांनी केशरी जर्सी कपाटात ठेवल्या, त्याला रडगाणं म्हणायचं का?

महापालिकेचा घोळ, गुन्हेगारी, कुठल्या महापौराने काय केलं, यावर बोलायचं तर वेगळा लेख होईल. मी तो लिहिणार नाही. शहरात दोष असतात. त्या कारणाने ज्यांना जायचं होतं ते गेले, मी तिथेच राहिले.

२६ सप्टेंबर २०२४ ला कोलिसियममधला शेवटचा सामना होता. ४६,८८९ लोक. टेक्ससला ३-२ ने हरवलं. व्यवस्थापक मार्क कॉट्से माईक घेऊन उभे राहिले, आभार मानले, शेवटचा जयघोष करायला सांगितला. मैदानाची निगा राखणारी माणसं कुंपणाशी येऊन लोकांना माती देत होती. माझ्यापुढे बिअरचा रिकामा पेला धरून एक धिप्पाड माणूस उभा होता, त्याचे खांदे हलत होते. माझ्याकडे पेला नव्हता, म्हणून मी पोळीच्या डब्याचं झाकण पुढे केलं. ती लालसर माती आता लोणच्याच्या एका लहान बरणीत आहे, तिकिटांच्या डब्याशेजारी. नर्सबाई त्या दिवशी आली नव्हती, तिला पायऱ्या चढवत नाहीत. अर्धी माती तिला नेऊन दिली. तिने बोटाने चिमूटभर उचलून वास घेतला आणि मला वही मागितली. मी लिहिलेला स्कोअर तिने तपासला. सातव्या इनिंगमध्ये एक खूण चुकली होती, ती तिने खोडून नीट केली.

आता संघ वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये जेमतेम चौदा हजारांच्या मैदानावर खेळतो, लास व्हेगासचं स्टेडियम पुरं होईपर्यंत. नावातून ओकलंड काढलंय. मी सॅक्रामेंटोला एकदाही गेले नाही आणि जाणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. लेखातली दुरुस्ती वर केलीच आहे. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. पण मला ताई म्हणू नका, आणि लेख आधी शेवटपर्यंत वाचा. २०१९ ची गर्दी आणि ताडपत्री, दोन्ही त्यात तेव्हाही होती.