टूकेमधला स्पीड ९५ आणि कोर्टवरचे २२.८६ मीटर

एनबीए टूके या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचं नवं रोस्टर (खेळाडूंची यादी आणि त्यांचे गुण) आलं की पहिली भांडणं ओव्हरऑलवरून, म्हणजे एकूण गुणांवरून होतात, दुसरी स्पीडवरून. 'अमक्याला फक्त ८४? अरे, तो वाऱ्यासारखा पळतो!' माझ्या मते ८४ की ८९ या वादात फार दम नाही. घोळ आहे तो गेम त्या आकड्याकडून काय काय करून घेतो त्यात.

आधी कोर्ट बघा. ९४ फूट लांब, म्हणजे २८.६५ मीटर. एवढ्या अंतरात कुणाचाच खरा टॉप स्पीड लागत नाही. बोल्टच्या २००९ च्या बर्लिनमधल्या ९.५८ च्या शर्यतीत पहिले १० मीटर १.८९ सेकंदांत गेले (त्यात बंदुकीच्या आवाजावर हलायचे ०.१४६ सेकंद धरलेले), पुढचे १० मीटर ०.९९ मध्ये, त्यापुढचे ०.९० मध्ये. ३० मीटरपर्यंत तो वेग वाढवतच होता. बास्केटबॉलचं कोर्ट तर तिथे संपतं. म्हणजे कोर्टवर आपण ज्याला 'फास्ट' म्हणतो ते बहुतांशी ॲक्सेलरेशन असतं, आणि त्याहून जास्त ब्रेक.

आता ड्राफ्ट कंबाइन, म्हणजे एनबीएत निवड होण्याआधी नव्या खेळाडूंची होणारी चाचणी. तिथली थ्री-क्वार्टर कोर्ट स्प्रिंट बेसलाइनपासून समोरच्या फ्री थ्रो लाइनपर्यंत असते : ७५ फूट, २२.८६ मीटर. २००८ साली डेरिक रोझचे ३.०५ सेकंद, वेस्टब्रुकचे ३.०८ आणि केव्हिन लव्हचे ३.२२. रोझ आणि लव्ह! एक त्या पिढीतला सगळ्यात स्फोटक गार्ड (चेंडू घेऊन पुढे जाणारा), दुसरा रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यासाठी ओळखला जाणारा बिग मॅन (बास्केटजवळचा उंच खेळाडू), आणि फरक ०.१७ सेकंदांचा. रोझ रेषेवर पोचतो तेव्हा लव्ह सव्वा-दीड मीटर मागे असतो, एवढंच. गेममध्ये मात्र अशा दोघांच्या स्पीडमध्ये सहज २०-२५ चं अंतर पडतं आणि फास्ट ब्रेकवर (चेंडू मिळताच केलेल्या झटपट हल्ल्यात) बिग मॅन बैलगाडी होतो.

(हे आकडे बोल्टच्या आकड्यांशेजारी ठेवून 'रोझ जवळजवळ बोल्टएवढा' असं काढू नका. कंबाइनमध्ये बंदूक नसते. खेळाडू आपल्या मनाने सुटतो, त्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ त्यात येत नाही.)

मग कंबाइनचे आकडे उचलून रोस्टर बनवायचं का? तेही फसतं. त्याच वर्षी लेन अजिलिटी या चपळाईच्या चाचणीत लव्हचे ११.१७ सेकंद होते आणि रोझचे ११.६९. म्हणजे लव्ह अर्ध्या सेकंदाने चपळ! पण त्या ड्रिलमध्ये रस्ता आधीच ठरलेला असतो : पुढे पळा, बाजूने सरका, उलटे मागे या, परत सरका. समोर कुणी नाही, हातात चेंडू नाही. सामन्यात चपळाई म्हणजे समोरच्याने खांदा हलवला की पाय कुठे टाकायचा ते. खो-खो बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सरळ पळणारा सापडतो, खांबाशी झपकन वळणारा सापडत नाही.

दुसरा फसवा आकडा लीगच्या ट्रॅकिंगमधला सरासरी वेग. तो ताशी चार-साडेचार मैलांच्या आसपास येतो, म्हणजे सात किलोमीटर, भराभर चालण्याएवढा. कारण त्यात उभं राहणं, चालणं, सगळंच धरलं जातं. चेंडूशिवाय स्क्रीनभोवती (बचावपटूची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याभोवती) फिरणारा शूटर त्यात वर दिसतो आणि चेंडू हातात घेऊन थांबणारा गार्ड जेम्स हार्डन खाली. यावरून स्पीड द्याल तर हसं होईल.

हार्डन आणि त्याच्यासारखाच खेळणारा लुका डॉन्चिचच इथे खरी परीक्षा आहेत. दोघांना सरळ पळण्यात कुणी घाबरत नाही, तरी बचावपटू मागे पडतो, कारण ते पूर्ण वेगातून एका पावलात थांबतात आणि समोरचा पुढे निघून जातो. गेममध्ये थांबण्याचा वेगळा आकडाच नाही. ते काम ॲनिमेशनवर सोडलंय. उलट ऑनलाइन खेळणारे ज्याला स्पीड बूस्ट म्हणतात त्यात ड्रिबलची चाल संपताच खेळाडू दोन-चार फ्रेममध्ये पूर्ण वेग पकडतो. माणसाच्या पायांना त्यासाठी काही पावलं लागतात. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. स्पीड विथ बॉल (चेंडूसह वेगाचा आकडा) ९९ वरून ९२ केला तरी ती चाल तशीच राहते.

स्वतः मोजायचं असेल तर सोपं आहे. प्रॅक्टिस मोड, एकटा खेळाडू, बॅजेस (खेळाडूची खास कौशल्यं) शक्य तेवढे बंद, स्टॅमिना पूर्ण. बेसलाइनवर पूर्ण उभं करा, टर्बो आणि स्टिक एकदम दाबा, समोरच्या फ्री थ्रो लाइनवर छाती पोचेपर्यंत ६० फ्रेमवर रेकॉर्ड करा. पहिली हालचाल दिसते त्या फ्रेमपासून मोजा, बटण दाबल्यापासून नको, नाहीतर टीव्हीचा लॅगही त्यात येईल. ३.०५ सेकंद म्हणजे १८३ फ्रेम, ३.२२ म्हणजे १९३. अख्खा खेळ दहा फ्रेमचा आहे, म्हणून ३० फ्रेमचं रेकॉर्डिंग घेऊ नका. प्रत्येक खेळाडूचे पाच प्रयत्न घ्या आणि मधला धरा, कारण सुरुवातीचं पाऊल दर वेळी सारखं पडत नाही. हेच चेंडू घेऊन परत करा.

रोस्टर एडिट करणाऱ्यांसाठी माझा हिशोब : सरळ स्पीडमधलं अंतर कमी करून टाका. गार्ड ८० ते ९५, विंग (बाजूने खेळणारे) ७४ ते ८८, बिग मॅन ६२ ते ८२. खरा फरक ॲक्सेलरेशन किंवा अजिलिटीत (तुमच्या आवृत्तीत जे असेल ते) आणि स्पीड विथ बॉलमध्ये घाला. बिग मॅनचा स्पीड विथ बॉल बिनधास्त ३०-४० वर ठेवा, यानिस अँटेटोकौंपोसारखे अपवाद सोडून. यानिसची ताकद लांब ढांगेत आहे, तेव्हा त्याला स्पीड द्या, अजिलिटी आवरा.

एक मात्र होईल. नुसतं स्पीडमधलं अंतर कमी केलंत तर पिक अँड रोलवर (सहकाऱ्याने वाट अडवून केलेल्या चालीत) स्विच झालेला, म्हणजे बचावाची अदलाबदल होऊन गार्डवर आलेला सेंटर त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा राहील. जुन्या आवृत्त्यांत लॅटरल क्विकनेस (बाजूने सरकण्याचा वेग) वेगळा होता, तो कमी केला की भागायचं. नंतर तो गेला, तेव्हा आता बिग मॅनची अजिलिटी आणि परिमिटर डिफेन्स (बास्केटपासून लांबचा बचाव) दोन्ही पाच-सात अंकांनी उतरवा आणि स्विचवरचे दहा पझेशन खेळून बघा. गार्ड दहापैकी सहा-सात वेळा सुटत असेल तर हात लावू नका. दहाही वेळा सुटत असेल तर अजिलिटी दोन अंकांनी परत वर घ्या, स्पीडला शिवू नका.