हरकत घ्यायची तर अशी घ्या

तुमचं गाव सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीच्या बाजूला असेल आणि गावाच्या माळावर हजार-दोन हजार घरांची टाउनशिप येतेय अशी कुणकुण लागली, तर आधी गडबड करू नका. हरकत घ्यायचीही एक रीत असते.

नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावरच असते. गेल्या वर्षीच्या घरपट्टीच्या यादीखाली हात घालून बघा. अर्ज द्या, पण पोच मागू नका. पोच मागणारा माणूस विकासविरोधी ठरतो.

अर्जात माळढोक पक्ष्याचं नाव घालू नका. ‘दाखवा बरं एक’ म्हणतील. बाई एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही घरटं न करता, उघड्या जमिनीवर. जिला स्वतःचं घर बांधता येत नाही, तिच्यासाठी दोन हजार घरं अडवायची? शिवाय समोरची वीजतार या पक्ष्याला नीट दिसत नाही, जाऊन धडकतो. त्याची साक्ष कोण धरणार? लांडग्याचं तर नावच काढू नका. फ्लॅटचा भाव पडला तर गावातले बुकिंगवाले तुमच्याच दारात येतील.

माळढोक अभयारण्याचा मुद्दा जपून. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, पुढे कापून १,२२२ वर आणलं. (कापलं ते सगळंच वाईट झालं असं नाही. करमाळ्यापासून पार नगर जिल्ह्यापर्यंत गावंच्या गावं त्यात कोंबली होती आणि स्वतःची जमीन विकायची तरी लोकांची फरफट व्हायची.) तेव्हा आजची हद्द नकाशात बघा आणि उद्याची एजंटाला विचारा. त्याला आधी कळतं.

तोच एजंट म्हणेल, “मालक, तिथं हाय काय? नुसतं गवत की!” मान डोलवा. कुसळी, पवना, मारवेल असली नावं घेऊ नका, आणि धनगरांनी मेंढरं कुठं चारायची हे तर विचारूच नका. ब्रोशरात त्याच जागी लॉन आहे. म्हणजे फुकटचं गवत उपटायचं, विकतचं लावायचं आणि त्याला उजनीचं पाणी पाजायचं. सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, बाया बॅरल भरून ठेवतात, ते सोडा. लॉनला रोज लागतं. नाहीतर ते पिवळं पडतं, आणि पैसे मोजून घेतलेल्या खिडकीतून पुन्हा माळरानच दिसायला लागतं.

सुनावणीला जाताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून न्या. साहेब अकराला येणार म्हणजे जेवण तिथंच होणार. नंबर लागला की ‘थोडक्यात सांगा’ म्हणतील. नाव सांगा, गाव सांगा, आणि ‘आमचा विकासाला विरोध नाही’ एवढं म्हणायला विसरू नका. इतिवृत्तात तेवढंच उतरतं.