रबरावर नॅशनल कॉन्फरन्स कशी भरवावी: संयोजकांसाठी फुकटचा सल्ला

नागपुरात रबर आणि कॅटॅलिसिसवर (म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांच्या, कॅटॅलिस्टच्या, शास्त्रावर) एक राष्ट्रीय परिषद भरवावी असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन, आणि घाबरू नका, त्यासाठी रबर कळायची काही गरज नाही. मी नुकताच अशा एका परिषदेला इंडस्ट्री डेलिगेट म्हणून जाऊन आलो. हिंगणा एमआयडीसीत आमचं गॅस्केट आणि ओ-रिंगचं छोटं युनिट आहे, एक मिक्सिंग मिल, रबर साच्यात दाबून पिकवायच्या मोजक्या प्रेस आणि रबर किती वेळात पिकतं ते मोजणारा एक रिओमीटर जो मूडमध्ये असला तर चालतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. तुम्ही नागपूरकर असाल तर तुम्हाला मनातल्या मनात तीन-चार नावं सुचलीच असतील.

तर नाव लांबलचक ठेवा. रिसेंट ॲडव्हान्सेस, इमर्जिंग ट्रेंड्स, सस्टेनेबल, ग्रीन, स्मार्ट हे सगळं त्यात आलं पाहिजे, बॅनरवर मावत नसेल तर बॅनर मोठा करा पण शब्द कापू नका. रबराला कॅटॅलिसिस जोडा. आता या दोघांचं नातं खरंच आहे आणि चांगलं जुनं आहे. कार्ल त्सीग्लरने 1953 मध्ये जर्मनीत टायटॅनियम-ॲल्युमिनियमवाला कॅटॅलिस्ट शोधला, इटलीत जुलिओ नाट्टाने ते काम पुढे नेलं, 1963 ला दोघांना मिळून नोबेल, आणि त्याच जातीच्या कॅटॅलिस्टमुळे केरळातलं झाड जे सिस-पॉलिआयसोप्रीन, म्हणजे नैसर्गिक रबर, बनवतं जवळपास तेच कारखान्यातल्या रिॲक्टरमध्ये बनवता येऊ लागलं. तुमच्या गाडीच्या टायरमधलं पॉलिब्युटाडाइन नावाचं कृत्रिम रबरसुद्धा बरंचसं निओडिमियम नाहीतर कोबाल्ट-निकेलच्या कॅटॅलिस्टवर बनतं. पण यातलं काही परिषदेत येऊ द्यायचं नाही. कॅटॅलिसिस जोडायचं ते एवढ्यासाठी की नुसत्या रबरावर पेपर येत नाहीत, आणि कॅटॅलिसिस म्हटलं की संत्र्याच्या सालीपासून केलेले नॅनोपार्टिकल, करंजाच्या तेलाचं बायोडिझेल आणि रंग उडवायला उन्हात ठेवलेला मिथिलीन ब्लू नावाचा तोच तो निळा डाय हे सगळं बसून जातं. मिथिलीन ब्लूवर तर मी काही बोलतच नाही, ज्यांना कळलं ते हसले असतील.

तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. का, ते विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे.

फीचे तीन दर ठेवा. विद्यार्थ्यांना कमी, प्राध्यापकांना जरा जास्त आणि इंडस्ट्रीवाल्यांना सगळ्यात जास्त, कारण कारखानदार म्हणजे नोटा छापून राहिले असं तुमचं ठाम मत असलं पाहिजे. त्या बदल्यात त्यांना एक बॅग द्या. तिचा पट्टा पार्किंगपर्यंत टिकला तर क्वालिटी जास्त चांगली लागली असं समजून पुढच्या वेळी व्हेंडर बदला.

आता उद्घाटन. परिषदेचा आत्मा म्हणजे उद्घाटन, बाकी सगळी नंतरची आवराआवर. पत्रिकेत साडेनऊ लिहा. साडेनऊला फक्त इंडस्ट्रीवाले आणि बाहेरगावचे पोरं येतात, त्यांना बसवून ठेवा. प्रमुख पाहुणे अकराच्या आत आले तर त्यांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे खायला न्या, तर्री वेगळी आणायला लावा म्हणजे अजून अर्धा तास जातो. मग दीपप्रज्वलन. त्यासाठी पंखे बंद करा, वात विझते ना, आणि नंतर ते सुरू करायची जबाबदारी कोणावरही देऊ नका. स्वागतगीत, विद्यापीठगीत, मग सत्कार. मार्चमधलं नागपूर, बंद पंखे आणि त्यात माणसाला शाल पांघरायची, बाप्पा! मंचावर जेवढे आहेत त्या सगळ्यांचा सत्कार, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार, मग संस्थेचे जे पदाधिकारी येऊ शकले नाहीत त्यांच्या वतीने जे आले त्यांचा. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी 'यांचा परिचय करून द्यायची गरज नाही' म्हटलं की समजायचं आता अख्खा बायोडाटा येतोय, पार पहिलीपासूनचा. स्मरणिकेचं प्रकाशन करताना रिबिनीला अशी गाठ मारा की सुटलीच नाही पाहिजे, कात्री शोधायला एक शिपाई पळवा, फोटोग्राफर म्हणेल 'सर एकदा परत', परत करा, पुस्तक उलटं धरलं असेल तर अजून एकदा करा. त्या पुस्तकात आमच्यासारख्यांचे ॲबस्ट्रॅक्ट असतात, ते कोणी वाचत नाही ते सोडा, पण त्यातल्या अर्ध्यांची स्ट्रक्चर फाँट बदलल्याने चौकोन-चौकोन होऊन गेली होती, सल्फरच्या जागी चौकोन, झिंकच्या जागी चौकोन, आणि प्रकाशन मात्र चार कॅमेऱ्यांसमोर.

मग भाषण. भाषणात गुडइयरची गोष्ट आलीच पाहिजे. 1839, गंधक घातलेलं रबर, गरम स्टोव्ह, आणि झालं व्हल्कनायझेशन, म्हणजे रबर पिकवून पक्कं करणं, इथपर्यंत ठीक. पण आमच्या पाहुण्यांनी पुढे सांगितलं की या शोधाच्या जोरावर चार्ल्स गुडइयरने जगप्रसिद्ध टायर कंपनी उभी केली, विद्यार्थ्यांनी स्टार्टअपची प्रेरणा घ्यावी. टाळ्या! अहो, तो माणूस पेटंटच्या भांडणात आणि कर्जात बुडून 1860 ला वारला हो. कंपनी काढली 1898 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला फ्रँक सायबरलिंगने, गुडइयरच्या घराण्याशी तिचा काही संबंध नाही, नाव फक्त मान म्हणून दिलं. त्याच्यापासून प्रेरणा घ्यायची तर पोरांनी काय कर्जबाजारी व्हायचं? पण मंचावर मागे बसलेल्यांपैकी एकानेही भुवई हलवली नाही. सगळे केमिस्ट्रीचेच होते.

आभार प्रदर्शन संपेपर्यंत दुपारचा एक वाजायला आला पाहिजे. याआधी संपलं तर कुठंतरी सत्कार राहिला आहे, शोधा.

कीनोट बाहेरच्या पाहुण्याला द्या आणि त्याचं विमान चारचं ठेवा. आमच्या कीनोटच्या एका स्लाइडवर लिहिलं होतं, व्हल्कनायझेशनमध्ये सल्फर कॅटॅलिस्ट म्हणून काम करतो. परत वाचा. रबर आणि कॅटॅलिसिसच्या परिषदेत. गंधक रबराच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतो आणि तिथंच राहतो हो, जन्मभर, म्हणून तर ताणलेलं रबर परत जागेवर येतं, आणि कॅटॅलिस्ट काम करून मोकळा होतो, हे बीएस्सीचं पोरगं सांगेल. समोर शंभरेक बीएस्सीची पोरं होतीच, लेक्चर बंद करून खुर्च्या भरायला आणून बसवलेली, पण ती रील बघून राहिली होती, त्यांना तरी काय बोलू.

टेक्निकल सेशन जेवणानंतर ठेवा, एकाच वेळी तीन खोल्यांत, म्हणजे कोणत्याच खोलीत माणसं नसतात. वक्त्याला पत्रात दहा मिनिटं सांगा आणि स्टेजवर गेल्यावर 'वेळेअभावी' तीन द्या. बाहेरगावहून पहाटेच्या एसटीने आलेली एक पीएचडीची मुलगी होती. तिचा विषय नायट्राइल रबराचं, म्हणजे तेलात टिकणाऱ्या एका कृत्रिम रबराचं, हायड्रोजनेशन. म्हणजे साखळीतले कार्बन-कार्बनचे डबल बॉंड तेवढे हायड्रोजनने भरायचे आणि शेजारच्या नायट्राइलला, म्हणजे कार्बन-नायट्रोजनच्या गटाला, हात लावायचा नाही, हे कॅटॅलिस्टचं फार नाजूक काम आहे, रोडियम-पॅलेडियमसारखे महागडे धातू लागतात, नंतर ते रबरातून परत काढायचे हा वेगळा ताप, पण जमलं तर जे रबर मिळतं ते गरम तेलात नेहमीच्या नायट्राइलपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, इंजिनाच्या बेल्टला सीलला वापरतात. अख्ख्या परिषदेत नावातले दोन्ही शब्द ज्यात होते असा मला सापडलेला हा एकच पेपर. तो पिवळ्या पडलेल्या प्रोजेक्टरवर, तीन मिनिटांत, आणि ऐकायला मी, सेशन चेअर, आणि तिच्यानंतर नंबर असलेले दोघं जे आपापल्या पेनड्राइव्हची काळजी करून राहिले होते. बेस्ट पेपर कोणाला मिळाला? संत्र्याच्या सालीला. यजमान कॉलेजचाच.

सर्टिफिकेट मात्र समारोप झाल्याशिवाय देऊ नका, नाहीतर जेवणानंतर हॉलमध्ये खुर्च्याच राहतील. प्रमोशनच्या फायलीला तेच लागतं, बाकी तिथं काय झालं कोण विचारतो.

जेवण उत्तम ठेवा. आमचं खरंच उत्तम होतं, शेवटी संत्रा बर्फी, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न विचारू देऊ नका. 'एनी क्वेश्चन्स नो थँक यू' हे एका श्वासात म्हणता येतं, घरी आरशासमोर सराव करा. हात वर दिसला तर घड्याळाकडे बघा. तरी उठलाच कोणी तर 'वी विल डिस्कस ओव्हर टी' म्हणा, आणि चहाच्या वेळी वक्त्याला सेल्फीवाल्यांच्या स्वाधीन करून तिथून सरळ इनोव्हात बसवा. माझ्या बाबतीत हे अगदी असंच पार पडलं. हात वर, घड्याळ, चहा, इनोव्हा.

प्रश्न काय होता ते तरी सांगू द्या, तिथं कोणी ऐकला नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाला ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं गॅस्केट नायट्रोसामाइन-फ्री पाहिजे. म्हणजे टीएमटीडी काढा. तो फार फास्ट ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर पिकवणारं रसायन, आहे पण त्यातून डायमिथाइल अमाइन निघतं आणि त्याचं जे नायट्रोसामाइन बनतं ते कॅन्सरवालं. त्याच्याऐवजी टीबीझेडटीडी हा दुसरा ॲक्सिलरेटर घाला असं सगळे सांगतात, त्यातून निघणारं नायट्रोसामाइन कॅन्सरकारक मानत नाहीत. ठीक. पण टीएमटीडीचा मॉलिक्युलर वेट 240 आणि याचा 544, म्हणजे तेवढेच मोल (रेणूंची संख्या तेवढीच) घालायचे तर वजनात सव्वादोन पट माल, आणि भाव तर विचारूच नका. पुन्हा हा क्युअरला, म्हणजे रबर पिकवायला, हळू. एप्रिल-मेमध्ये आमच्या शेडमध्ये मिक्स केलेला कंपाउंड, म्हणजे रबराचं कच्चं मिश्रण, नुसता ठेवल्या-ठेवल्या स्कॉर्च होतो, वेळेआधीच पिकायला लागतो, लॉटच्या लॉट भंगारात जातो, तेव्हा हा हळूपणा आम्हाला फायद्याचाच, पण मग प्रेसचा टाइम वाढतो आणि दिवसाचं प्रॉडक्शन बसतं. तर डोस किती कमी करता येईल, सोबत दुसरा कोणता ॲक्सिलरेटर घेतला तर टाइम परत मिळेल, ॲक्सिलरेटरला जोर देणारं झिंक ऑक्साइड बदलावं लागेल का, एवढंच. ज्याने त्याच विषयावर कीनोट दिलं त्याला दोन मिनिटांचं काम होतं. नसेल येत तर नाही येत म्हणा, मी काय चिडणार होतो? मी काय सल्फरची स्लाइड काढून बसणार होतो? बरं, बसलो असतो कदाचित.

काहून करता मग हे सगळं? कोणासाठी? ॲक्सिलरेटर हा प्रकारच मुळात कारखान्यातून आला. 1906 मध्ये ओन्सलेगर नावाचा कंपनीतला केमिस्ट होता, त्याला स्वस्तातलं रबर चांगलं आणि लवकर पिकवायचं होतं, त्याने ॲनिलिन घालून बघितलं, तिथून ऑरगॅनिक ॲक्सिलरेटरची सगळी गाडी सुरू झाली. माझ्यासारख्याचाच प्रश्न होता तो. आणि रबर म्हणजे लांबच लांब साखळी आहे हे श्टाउडिंगर नावाचा जर्मन केमिस्ट सांगायचा तेव्हा भले भले लोक त्याच्या अंगावर धावून जायचे, 1926 ला ड्युसेलडॉर्फच्या सभेत तो जवळपास एकटा पडला होता. त्याने कॅटॅलिस्ट वापरून रबराला हायड्रोजन जोडून दाखवला, की बघा, छोट्या रेणूंचा नुसता गोळा असता तर मोकळा सुटला असता, सुटत नाही. भर सभेत भांडणं झाली आणि 1953 ला त्याला नोबेल मिळालं. भांडायचं असतं तिथं! अमेरिकेत शास्त्रज्ञांची गॉर्डन कॉन्फरन्स 1931 पासून चालते, तिथं आजही दुपार मुद्दाम रिकामी ठेवतात की लोकांनी आपसात बोलावं. रिकामी! आपल्याकडे रिकामी दुपार दिसली तर कोणाचा तरी सत्कार घुसेल.

तुम्ही लोक लाज कशी वाटून घेत नाही? सरकारचा पैसा, आमची फी, शंभर पोरांचा दिवस, त्या मुलीची पहाटेची एसटी, आणि दोन दिवसांत मोठ्या मंचावरून रबराबद्दल एक धड वाक्य नाही, आणि जी आली ती चुकीची. हिंगण्यात, बुटीबोरीत इतकी रबराची युनिटं आहेत, कितीजण आले होते? बोलावलं किती जणांना? स्पॉन्सरशिपसाठी मात्र सगळ्यांना फोन गेले, तेव्हा बरोबर नंबर सापडले. तुमच्याकडे लॅब आहे, मशीन आहे, पीएचडीवाले आहेत, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर माझा कंपाउंड शेडमध्ये जळून राहिला. एक सत्कार कमी करा, एकच, तेवढ्यात माझा प्रश्न आणि त्या मुलीची उरलेली सात मिनिटं दोन्ही बसतात.

संयोजक सरांना मी हाच प्रश्न मेलवर पाठवला. उत्तरात फीडबॅक फॉर्म आला, त्यात आदरातिथ्य कसं वाटलं, पाचपैकी किती. भरला मी तो, बर्फीला पाच दिले. आणि सर, फीचं जीएसटी बिल अजून नाही पाठवलं तुम्ही, आमचा अकाउंटवाला रोज विचारून राहिला, ते तरी पाठवा.