‘कुकी सोडा, टोकन घ्या’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया आली तशी प्रसिद्ध केली आहे, एक शब्दही कापलेला नाही. बाकी वाचकांना वरखाली करायला लागू नये म्हणून तिचा सारांश देतो. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमधल्या सेशनवर (सर्व्हरने ठेवलेली लॉगिन केलेल्या युजरची नोंद) मी लेख लिहिला होता: जेसेशनआयडी नावाची कुकी, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो आणि रिक्वेस्टबरोबर परत पाठवतो ती छोटी माहिती, कशी तयार होते, तिच्यावरून सर्व्हर युजरला कसा ओळखतो, लॉगआउटला नेमकं काय करायचं. त्यावर तुमचं म्हणणं असं. पेमेंट गेटवेवरून (पैसे भरून घेणाऱ्या बाहेरच्या साइटवरून) परत आलं की युजर लॉगआउट झालेला दिसतो, हा कुकीवर सेशन चालवण्याचाच दोष आहे, टोकन (युजरची ओळख ज्यात लिहिलेली असते असा मजकूर) लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या साइटच्या साठ्यात, ठेवलं की कटकट मिटते. सर्व्हर दोन झाले की माझी पद्धत कोलमडते. ब्राउझर बंद केला की सेशन कुकी जाते, हे माझं वाक्य बरोबर नाही. आणि शेवटी: ‘मराठीत ट्युटोरियल लिहिणाऱ्यांनी आधी स्पेसिफिकेशन वाचायची सवय लावावी, जुनाट ज्ञान पोरांच्या गळ्यात मारू नये.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते मला लागलं. अमुक मुद्दा चुकलाय असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेतो, या ब्लॉगवर ते अनेकदा झालंय. पण ‘मराठीत लिहिणारे’ अशी एक जमात काढायची आणि तिला सरसकट अडाणी ठरवायचं, ही कुठली रीत? हा लेख ज्यांच्यासाठी आहे ती मुलं सांगली, जालना, रत्नागिरीच्या कॉलेजांतून शिकून हिंजवडीला येतात. इंग्रजी त्यांना वाचता येतं. पण कोडमध्ये सेशन मागणारं गेटसेशन() लिहिल्यावर आत काय घडतं हे त्यांना कुणी धड समजावून सांगितलेलं नसतं. ते त्यांच्या भाषेत सांगण्यात तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर त्याला माझा इलाज नाही.

राहिला स्पेसिफिकेशनचा प्रश्न. कुकीचं आजचं स्पेसिफिकेशन म्हणून लोक ज्याचा हवाला देतात तो आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा नंबर दिलेला दस्तऐवज) ६२६५, अ‍ॅडम बार्थ यांनी लिहिलेला, एप्रिल २०११चा. त्याच्याआधी १९९७चा २१०९ आणि २०००चा २९६५. तिन्ही वाचले आहेत. ६२६५ टिकला, कारण ब्राउझर कुकी प्रत्यक्षात कशी हाताळतात ते त्याने नोंदवलं. कुकीत सुरक्षेच्या दृष्टीने उणिवा आहेत हेही त्यात सुरुवातीलाच मान्य केलंय. आणि सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर कुकी पाठवायची की नाही हे सांगणारी कुकीवरची खूण, ज्याच्यामुळे तुमचा पेमेंटचा सगळा घोळ होतो, ते त्यात नाहीच, नंतर आलं. तेव्हा ‘स्पेसिफिकेशन वाचा’ हा सल्ला या ठिकाणी कुणाच्या कामाचा आहे ते बघा.

ब्राउझर बंद करण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. क्रोममध्ये ‘जिथे थांबलात तिथून सुरू करा’ ही सेटिंग असेल तर सेशन कुकीही परत येते. लेखात त्या वाक्याला तशी जोड दिली आहे. चपलांच्या स्टँडवरच्या बिल्ल्याची उपमा तुम्हाला बालिश वाटली, ती मात्र तशीच ठेवतोय. कुकीत फक्त नंबर असतो, वस्तू स्टँडवाल्याकडे असते, हे त्याहून सोपं मला सांगता येत नाही.

आता पेमेंट. तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच एक वाक्य तांत्रिक वजनाचं आहे, आणि तेच सगळ्यात जास्त चुकलंय.

एका शिक्षण संस्थेच्या फी भरण्याच्या पोर्टलवर मी २०२० साली काम करत होतो, नाव सांगत नाही. सेमसाइट लिहिलेलं नसेल तर कुकी ‘लॅक्स’ धरायची, हा नियम क्रोम ८०पासून, म्हणजे त्या फेब्रुवारीत, लागू व्हायला लागला. कोविडमुळे एप्रिलमध्ये तो मागे घेतला आणि जुलैत पुन्हा सुरू केला. आमच्याकडे तक्रारी आल्या त्या त्यानंतर, ऐन प्रवेशाच्या दिवसांत. पैसे कापले गेले, बँकेचा मेसेज आला, आणि पोर्टलवर परत आल्यावर समोर लॉगिनचं पान. घाबरलेले पालक दुसऱ्यांदा पैसे भरत होते. आमच्या टेस्टरला मात्र हा प्रकार काही केल्या दिसेना.

का दिसेना, ते ऐका. गेटवे निकाल कळवताना युजरच्या ब्राउझरमधून आपल्या साइटवर पोस्ट (माहिती सोबत घेऊन येणारी रिक्वेस्ट) करतो. दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही. पण कुकीवर सेमसाइट लिहिलेलंच नसेल आणि ती तयार होऊन दोन मिनिटंही झाली नसतील, तर क्रोम सवलत देऊन ती पाठवतो. टेस्टर लॉगिन करायचा, टेस्ट कार्डाचा नंबर त्याला पाठ, दोन मिनिटांच्या आत परत. गावाकडचा पालक कार्ड शोधणार, ओटीपीची वाट बघणार, रेंजसाठी अंगणात जाणार. त्याची कुकी गेलीच नाही.

पण कुकी गेली नाही एवढ्याने युजर लॉगआउट होत नाही. तुमचं विश्लेषण इथेच थांबलंय. आम्ही लॉग उघडून बसलो तेव्हा दिसलं ते असं: फीच्या पानाच्या रिक्वेस्टवर एक जेसेशनआयडी आहे. गेटवेकडून आलेल्या पोस्टवर कुकीच नाही. आणि त्या पोस्टच्या उत्तरात आमचाच सर्व्हर सेट-कुकी लिहून नवाकोरा जेसेशनआयडी देतोय. नाव तेच, पाथ तोच, म्हणजे ब्राउझरने जुन्या कुकीवर नवी लिहिली. युजरचं सेशन सर्व्हरवर शाबूत होतं, त्याचा नंबर आम्ही आमच्या हाताने पुसत होतो. हे नवं सेशन कुणी मागितलं? गेटवेचा निकाल घेणारं पान जेएसपी (जावा कोड घातलेलं वेबपान) होतं, आणि पेज डायरेक्टिव्हमध्ये सेशन ‘फॉल्स’ असं लिहिलं नाही तर जेएसपी आपणहून सेशन तयार करते. सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा क्लासमध्ये) नुसतं गेटसेशन() लिहिलं तरी तेच होतं. तिथे गेटसेशन(फॉल्स) पाहिजे, म्हणजे असलेलं सेशन मिळतं, नवं तयार होत नाही.

उपाय केला तो असा. निकाल घेणारं पान सेशनकडे बघतच नाही. ऑर्डर नंबर आणि चेकसम (मजकुरात कुणी फेरफार केला नाही ना हे दाखवणारा आकडा) तपासायचा, गेटवेच्या सर्व्हरला आपल्या सर्व्हरवरून विचारून खात्री करायची, डेटाबेसमध्ये नोंद करायची आणि ३०३ (‘आता त्या पानावर जा’ हा सर्व्हरचा कोड) देऊन युजरला आपल्या पावतीच्या पानावर पाठवायचं. ती गेट रिक्वेस्ट असते, वरच्या पातळीवरचं नेव्हिगेशन असतं, लॅक्स कुकी तिच्याबरोबर जाते. युजर लॉगिन असलेला सापडतो. सेमसाइट ‘नन’ (कुठूनही आलं तरी कुकी पाठवा) करायची गरज पडली नाही, आणि केलं असतं तर आयओएस १२वरच्या सफारीने ‘नन’चा अर्थ ‘स्ट्रिक्ट’ (दुसऱ्या साइटवरून आलं तर कधीच पाठवू नका) लावला असता. आयफोन ६ त्याच्या पुढे जात नाही, आणि असे फोन तेव्हा घराघरांत होते.

आता यात तुमचं लोकलस्टोरेज आणून ठेवा. गेटवेकडून पोस्ट आली. लोकलस्टोरेजमधलं टोकन ब्राउझर त्या पोस्टबरोबर पाठवेल का? कधीच नाही. ते आपल्या पानावरच्या जावास्क्रिप्टने वाचून हेडरमध्ये घालावं लागतं, आणि गेटवेच्या पानावर आपली जावास्क्रिप्ट नसते. म्हणजे निकाल घेणाऱ्या पानाला युजर कोण हे तुमच्या पद्धतीतही कळत नाही, तिथेही ऑर्डर नंबरच लागतो. जी कटकट मिटते म्हणता ती जागची हललेलीसुद्धा नाही. एवढ्या ठामपणे दुसऱ्याचं ज्ञान जुनाट ठरवण्याआधी हे एकदा करून बघायला हवं होतंत.

वर नुकसान आहे ते वेगळंच. कुकीला एचटीटीपी-ओन्ली लावलं की जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ही सोय २००२ साली इंटरनेट एक्सप्लोरर ६च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे, आणि टॉमकॅट ७पासून सेशन कुकीवर ती न सांगता लागते. लोकलस्टोरेज पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टला उघडं असतं. त्यात चॅटचं विजेट येतं आणि मार्केटिंगवाल्यांनी शुक्रवारी संध्याकाळी चिकटवायला सांगितलेली कुठलीतरी स्क्रिप्टही येते. तिथे पैशाच्या व्यवहाराची किल्ली ठेवायला मी कुणाला शिकवणार नाही.

आणि सेशन बंद करण्याचं काय? पेमेंटआधीची बरीच वर्षं मी पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर काढली. एका काउंटरच्या कॉम्प्युटरवर तीन क्लार्क बसायचे. शाखाधिकाऱ्यांचा फोन यायचा, ‘साहेब, अमक्याचं लॉगिन आत्ताच्या आत्ता बंद करा, तो निघून गेलाय.’ टॉमकॅट मॅनेजर उघडायचा, सेशनची यादी काढायची, युजरचं नाव बघून खूण करायची, इनव्हॅलिडेट. पुढच्या क्लिकला लॉगिनचं पान. फोन चालू असतानाच काम व्हायचं. नंतरच्या एका प्रोजेक्टमध्ये टोकन होतं, चोवीस तासांचं. दुपारी कामावरून काढलेल्या माणसाचं टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी चालत होतं, आणि त्याने रिपोर्ट उतरवून घेतल्यावर सगळ्यांना ते कळलं. मग रद्द टोकनांचं टेबल आलं. प्रत्येक रिक्वेस्टला ते टेबल बघायचं. म्हणजे सर्व्हरवर स्थिती ठेवायची नाही म्हणून जे आणलं, त्यासाठी सर्व्हरवर स्थिती ठेवली, फक्त स्वतःच्या हाताने आणि जास्त वाईट. जेडब्ल्यूटी, म्हणजे अशा टोकनांचं ठरलेलं स्वरूप, मे २०१५चा आरएफसी ७५१९, मला शत्रू नाही. दोन सर्व्हिसनी एकमेकींशी थोड्या वेळापुरतं बोलायचं असेल तर मीही वापरतो. माणसाच्या लॉगिनचा ताबा मात्र सर्व्हरकडेच हवा, कारण ते लॉगिन संपवण्याची जबाबदारी सर्व्हरचीच आहे. त्या लेखातून मला हेच सांगायचं होतं, आणि त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

दोन सर्व्हरचं म्हणाल तर टॉमकॅटची जेव्हीएमरूट सेटिंग लावून लोड बॅलन्सरवर (सर्व्हरांमध्ये रिक्वेस्ट वाटून देणाऱ्यावर) युजर एका सर्व्हरला बांधता येतो, टॉमकॅटच्याच डेल्टा मॅनेजरने सगळ्या सर्व्हरांवर सेशनच्या प्रती ठेवता येतात, स्प्रिंग सेशन या लायब्ररीने ते रेडिस या सामायिक डेटा साठ्यात नेता येतं. लेख एका सर्व्हरबद्दल होता, तसं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. न वाचता लिहिलेल्या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवणार नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा, तीही प्रसिद्ध करीन, फक्त त्याआधी एवढं करा. तुमचं टोकनवालं अ‍ॅप्लिकेशन प्रोडक्शनवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यात लॉगिन करा, टोकन कॉपी करून ठेवा, लॉगआउट करा, आणि तेच टोकन कर्ल या कमांडने ऑथरायझेशन हेडरमध्ये घालून पाठवा. ४०१ (‘लॉगिन नाही’) आला तर तो कुठल्या टेबलात किंवा रेडिसच्या कुठल्या कीमध्ये बघून आला ते लिहा. २०० (‘सगळं ठीक’) आला तर तसं लिहा.